शिंगं कशावर पोसतात

आमच्याकडे नागझिऱ्याच्या बाजूच्या कोणत्याही गावात सांबराचा फोटो दाखवा, माणूस पहिले टोकं मोजतो. एका शिंगाला तीन, दोन्ही मिळून सहा, म्हणजे सहा वर्षांचा नर, झाला हिशोब. पानठेल्यावर ऐका, जिप्सीत ऐका, लग्नाच्या पंगतीत ऐका, हेच. मला मग तिथं गप्प बसवत नाही. सांबर काय किंवा चितळ काय, पूर्ण वाढलेल्या नराच्या एका शिंगाला साधारण तीनच टोकं असतात, तीन आली की तो आणखी पाच वर्षं जगला तरी टोकं तेवढीच राहतात, शिंग मात्र लांब होतं, जाड होतं, बुडाशी त्याचा घेर वाढतो, आणि म्हातारपणी पुन्हा उतरायला लागतं. टोकं मोजून वय सापडत नाही. पण शिंग नीट पाहिलं तर दुसरं बरंच काही सापडतं. त्या साली रानात खायला काय होतं, खाणारी तोंडं किती होती, माती कशी होती, आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे हा नर आईच्या पोटात होता, मग तिच्या दुधावर होता, तेव्हा त्या आईचे दिवस कसे गेले होते.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावात आम्हाला सरसकट डॉक्टरच म्हणतात, पण डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी, आम्ही त्यांच्या हाताखालचे, लसीकरण, कृत्रिम रेतन, खच्चीकरण, जखमा, पोटफुगी, हे सगळं बघणारे. म्हणजे काम सगळं ढोरांचं. पण जंगलाला लागून नोकरी असली की हरणं आपोआप वाट्याला येतात, कधी विहिरीत पडलेलं, कधी कुत्र्यांनी फाडलेलं, कधी रस्त्यावर गाडीने उडवलेलं, आणि वनविभागाचा फोन आला की साहेबांसोबत आम्हीही निघतो.

पहिले एक साधा फरक सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. गाईचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वरून खोळ. रोह्याचं तसंच, काळवीटाचं तसंच, चौसिंग्याचं तसंच, एकदा आलं की जन्मभर तेच. सांबर, चितळ, भेकर यांचं तसं नाही. त्यांचं शिंग म्हणजे नुसतं भरीव हाड, कपाळावरच्या हाडाच्या खुंटावर उगवतं, पूर्ण वाढतं, वाळतं आणि गळून पडतं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या रानात सांबर साधारण होळीच्या पुढे, उन्हाळ्यात शिंगं टाकतं, पावसाळाभर नवीन शिंग वाढतं, दिवाळीच्या सुमारास वरची कातडी झाडांवर घासून काढतं आणि थंडीत माजावर येतं. किलो-किलोचं हाड काही महिन्यांत तयार करायचं आणि सालभरात फेकून द्यायचं, आणि हे दर वर्षी. हाड इतक्या झपाट्याने वाढताना दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्यात दिसत नाही. भर वाढीच्या दिवसांत मोठ्या हरणांचं शिंग दिवसाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरही वाढतं.

ते वाढतं तेव्हा कसं असतं हे मी हाताने पाहिलंय. थंडीचे दिवस होते, पहाटे हायवेवर एका चितळाला गाडीने उडवलं, आम्ही पोचलो तेव्हा जीव गेला होता पण अंग अजून गरम होतं. चितळाचं वेळापत्रक सांबरापेक्षा वेगळं, थंडीत बरेच नर कच्च्या शिंगाचे असतात. त्याच्या शिंगावर बारीक लव असलेली करडी कातडी होती, ज्याला मखमल म्हणतात ती, आणि शिंगही तितकंच गरम होतं, बाकी अंगासारखं. बुडाशी दाबलं तर कडक, वर सरकत गेलं की थोडं नरम, आणि टोक गोल, फुगीर, अंगठ्याने दाबलं तर दबत होतं. रस्त्यावर आपटून एका बाजूची कातडी फाटली होती आणि तिथून चांगलंच रक्त गेलं होतं, जखम पाहून वाटावं की मांडीचीच आहे. त्या कातडीत रक्तवाहिन्या असतात, नसा असतात, जनावराला तिथं दुखतं. टोकाशी कुर्चा बनत जाते आणि मागून तिचं हाड होत येतं. जे लोक शिंगाला नुसतं हत्यार समजतात त्यांनी एकदा असं कच्चं शिंग हातात घ्यावं असं मला फार वाटतं, कारण मग प्रश्न आपोआप बदलतो. एवढं रक्त, एवढं प्रोटीन, एवढा चुना रोजच्या रोज वर चढवायला हे जनावर आणतं कुठून?

या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त मोजमाप झालंय ते रेड डिअर नावाच्या हरणावर. युरोपातलं तांबूस रंगाचं मोठं हरीण, आपल्या सांबराच्या जवळपासचं अंगाने, पण शिंगांना फाटे जास्त, बारा टोकांचा नर तिकडे फार मानाचा. आपल्याकडचा काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल हा त्याच्याच भाऊबंदांपैकी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रम नावाचं एक बेट आहे, झाडं नावाला, पाऊस आणि वारा भरपूर, माती हलकी. तिथं १९५३ पासून या हरणांवर काम चालू आहे आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तर बेटाच्या उत्तर भागातलं एकेक हरीण ओळखून त्याचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब ठेवतात. कोणाचं पाडस, जन्मताना वजन किती, कधी शिंगं टाकली, किती माद्या राखल्या, किती पिल्लं झाली. गळलेली शिंगं गोळा करून तोलतात. शिंगाच्या घडणीवरून ते कोणत्या नराचं हे तिथल्या माणसांना कळतं, आमचा ढोरकी खुरावरून गाय ओळखतो तसंच.

त्या कामातून २००२ मध्ये लूस्के क्रूक या संशोधिका आणि त्यांच्या सोबतच्यांनी जे मांडलं ते वाचून मी खरंच उठून बसलो. एक, मोठ्या शिंगाच्या नरांना आयुष्यात जास्त पिल्लं होतात. दोन, शिंगाचं वजन काही प्रमाणात बापाकडून पोराकडे येतं, नरा-नरांत जो फरक दिसतो त्यातला साधारण एक तृतीयांश वंशाचा. आता आमच्या रेतनाच्या हिशोबाने याचं उत्तर सरळ आहे, चांगल्या वळूची जास्त वासरं झाली तर पुढच्या पिढ्या सुधारल्याच पाहिजेत. जवळपास ३० वर्षांचा डेटा होता, शिंगं वाढत जायला पाहिजे होती. नाही वाढली. का नाही, तर ज्या नराला चांगलं खायला मिळालं त्याचं शिंगही मोठं झालं आणि झुंजीतही तोच जिंकला, म्हणजे शिंग आणि पिल्लं दोन्ही एकाच गोष्टीवर पोसलेली, आणि ती गोष्ट म्हणजे पोट. चांगलं पोट भरणं पोराला वारशात देता येत नाही. मोठ्या शिंगाच्या बापाचा पोरगा वाईट सालात जन्मला तर बापाचं शिंग त्याला उपयोगाचं नाही.

त्याच बेटावर दुसरी गोष्ट दिसली, गर्दीची. उत्तर भागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हरणं मारणं बंद केलं, माद्यांची संख्या काही वर्षांत दुपटीच्या पुढे गेली. गवत तेवढंच, तोंडं वाढली. त्या गर्दीत वाढलेल्या नरांची शिंगं हलकी भरली. याच्यात पहिला फटका शिंगालाच का बसतो हे समजायला सोपं आहे, घरात पैसा कमी आला की पहिले पोटाचं बघतात, मग दवाखान्याचं, आणि दागिना सगळ्यात शेवटी. अंगाची झीज भरून निघाल्यावर जे उरतं ते शिंगात जातं. म्हणून एखादं साल वाईट गेलं तर नर जगतो, पण शिंग सांगून देतं.

वंश की चारा या वादात मला एक जुनी हकीकत फार आवडते. स्कॉटलंडमधली रेड डिअर तशी लहान चणीची, उघड्या माळावर राहणारी, शिंगंही बेताची. १८७१ मध्ये तिथल्या इन्व्हरमार्क नावाच्या इस्टेटमधून थोडी हरणं जहाजाने न्यूझीलंडला ओटागो भागात नेऊन सोडली. नवा देश, हरणांनी कधी न खाल्लेलं रान, खाणारं दुसरं कोणी नाही. काही दशकांत त्याच हरणांच्या नातवंडा-पतवंडांची शिंगं अशी भरली की शिकारी लोक जहाजाने तिकडे जायला लागले. रक्त तेच, रान वेगळं. आणि मग पुढचा भाग, जो लोक सांगत नाहीत, हरणं बेसुमार वाढली, रान खाऊन संपवलं, डोंगर उघडे पडले, शिंगं उतरली आणि १९३० च्या दशकात सरकारला माणसं लावून हरणं मारावी लागली. वर चढलेली आणि खाली उतरलेली ही दोन्ही शिंगं एकाच वंशाची.

आणि ढेपेची गोष्ट तर आमच्याच धंद्यातली. १९३० च्या दशकात मध्य युरोपात फ्रान्झ फोग्ट नावाच्या माणसाने कुंपणात रेड डिअर ठेवून त्यांना तिळाची ढेप चारली, बाकीचाही चांगला खुराक दिला, आणि दोन-चार पिढ्यांत अशी शिंगं काढली की त्या भागात शेकडो वर्षांत कोणी पाहिली नव्हती. तिळाची ढेप! आमच्या शेतकऱ्याला गाभण गाईला अर्धा किलो ढेप घाला म्हणून सांगताना माझा घसा कोरडा पडतो, तिथं याने हरणाला घातली. पण त्या प्रयोगातला खरा धडा माझ्या मते पिढ्यांचा आहे. पहिल्याच साली ढेप घालून ती शिंगं आली नाहीत. चांगल्या खाल्लेल्या मादीचं पाडस अंगाने मोठं जन्मलं, त्याला दूध जास्त मिळालं, ते मोठं झालं, त्याच्या पोटच्या माद्या आणखी चांगल्या भरल्या, असं करत करत चढत गेलं. रमवरही जन्माच्या वेळचं वजन आणि पहिला हिवाळा यांचा परिणाम पुढे वर्षानुवर्षं टिकतो असंच दिसलं. वासराला पहिल्या तीन महिन्यांत दुधाला उपाशी मारलं की ती कालवड पुढे कितीही खाऊ घाला, अंगावर येत नाही, हे गोठ्यात आम्ही रोज बघतो.

याच्यावर अगदी टोकाचं उदाहरण स्कॉटलंडमध्येच आहे. तिथं काही नरांना शिंगं येतच नाहीत, त्यांना हमेल म्हणतात, आणि पूर्वीपासून समज असा की हा वंशाचा दोष आहे, दिसला की मारून टाका, नाहीतर सगळा कळप बोडका होईल. १९७० च्या दशकात जेराल्ड लिंकन आणि जॉन फ्लेचर यांनी, यातले फ्लेचर आमच्यासारखे जनावरांचे डॉक्टर, एक हमेल पाळला आणि त्याच्यापासून माद्या भरवल्या. पोरांना व्यवस्थित शिंगं आली. मग त्यांनी त्या हमेलच्याच कपाळावर, जिथं शिंगाचा खुंट असायला पाहिजे तिथं छोटी जखम करून पाहिलं आणि तिथून शिंग उगवलं. म्हणजे उगवायची तयारी सगळी होती, लहानपणी खुंट धरायच्या वयात अंगात तेवढं बळ नव्हतं, ती वेळ गेली आणि जन्मभर राहून गेलं. बिचाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या वंशाच्या नावाने गोळ्या घातल्या, आणि कारण निघालं ते बहुधा पहिल्या वर्षाची उपासमार. मला हे वाचून फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता मातीचं. आमच्या धानपट्ट्यात हे मला सगळ्यात जवळचं. धानाची तणस खाणारी ढोरं, त्यात फॉस्फरस फार कमी, उन्हाळ्यात आखरावर, म्हणजे गावाची ढोरं जमतात त्या जागेवर, उभं राहिलं की एखादी गाय तोंडात हाडूक घेऊन चघळताना दिसतेच, कोणी चिंधी चघळते, कोणी चप्पल. मागच्या उन्हाळ्यात एका ढोरक्याने मला हाक मारली, "डॉक्टर, हे गाय हाडूक सोडतच नाही जी, काय झालं इले?" म्हटलं मामा, काही लागीर नाही झालं, हिच्या अंगात खनिज कमी पडलं, ती आपल्या परीने औषध शोधून राहिली. मिनरल मिक्श्चर दिलं, महिनाभर रोज घालायला सांगितलं, आणि मामाने घातलंही.

रानात हेच चालतं, फक्त तिथं मिनरल मिक्श्चरचं पाकीट नसतं. नाल्याकाठच्या खाऱ्या मातीच्या जागेवर सांबर, चितळ येऊन माती चाटतात, तिथं खुरांचा चिखल झालेला असतो. हरणं गळलेली शिंगं सुद्धा चघळतात, हाडं चघळतात. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक या प्रमाणात असतो, आणि वाढीच्या महिन्यांत रोजच्या चाऱ्यातून तेवढं मिळतच नाही, मग जनावर स्वतःच्या हाडांतून काढतं, बरगड्यांतून तर हमखास. त्या दिवसांत बरगड्या विरळ होतात, शिंग पूर्ण झालं की हळूहळू परत भरतात. दुधाळ गाय व्याल्यावर स्वतःच्या हाडांतला चुना दुधात ओतते ना, अगदी तोच प्रकार, आणि जिची हाडं आधीच रिकामी ती बसते, उठत नाही, मग रात्री अकरा वाजता आम्हाला कॅल्शियमची बाटली घेऊन पळावं लागतं.

रम बेटावर माती इतकी निकस की तिथली हरणं डोंगरावर बिळात घरटी करणाऱ्या शिअरवॉटर नावाच्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांची डोकी आणि पाय चावून खाताना सापडली आहेत. गवत खाणारं जनावर, पिल्लांची डोकी खातंय! ऐकायला भयंकर वाटतं, पण आखरावरची ती गाय ज्याने पाहिली त्याला यात नवल वाटणार नाही. आणि नुसत्या चुन्याचाच प्रश्न नाही. स्पेनमध्ये २००५ च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली, त्या साली तिथल्या रेड डिअरची शिंगं फार मोडली, तपासलं तेव्हा शिंगांत मँगनीज कमी निघालं. संशोधकांनी त्याचा माग झाडपाल्यापर्यंत नेला, थंडीने पाल्यातलंच मँगनीज उतरलं होतं असं त्यांचं म्हणणं. चिमूटभर लागणारं खनिज, पण ते नसलं तर कॅल्शियम असूनही हाड पक्कं बसत नाही.

हार्मोनचं थोडक्यात सांगतो. अंगात टेस्टोस्टेरॉन कमी असतं तेव्हा शिंग वाढतं, ते चढायला लागलं की शिंग कडक होतं, मखमल वाळून गळते, आणि माज सरून ते खाली आलं की शिंगच गळून पडतं. गोऱ्ह्याचं खच्चीकरण आम्ही नेहमी करतो, त्याच्या शिंगाला काही गळती लागत नाही. हरणाच्या नराचं केलं तर कडक शिंगं काही आठवड्यांत गळतात आणि पुढची जी येतात ती कायम मखमलीतच राहतात, पक्की होतच नाहीत. हे सगळं कधी सुरू व्हायचं ते थंड देशात दिवसाच्या लांबीवर ठरतं, रिचर्ड गॉस यांनी १९६० च्या दशकात जपानी सिका हरणांना खोलीत ठेवून दिव्यांनी वर्ष छोटं केलं तर हरणांनी एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा शिंगं बदलली. आपल्याकडे दिवस-रात्रीत तेवढा फरक नाही, म्हणून चितळांत एकाच महिन्यात कोणी कडक शिंगाचा, कोणी मखमलीचा, कोणी बोडका दिसतो. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात जॉर्ज शेल्लर यांनी १९६० च्या दशकात याच्या नोंदी केल्या. जखमेचाही भाग असतो, मागच्या पायाला मोठी दुखापत झालेल्या नराचं बऱ्याचदा विरुद्ध बाजूचं शिंग वेडंवाकडं येतं.

तर आता आपल्या रानाकडे या. रमला पोट रिकामं राहतं ते थंडीत, आपल्याकडे उन्हाळ्यात. सांबराचं शिंग वाढायला लागतं ते बरोबर तेव्हा, जेव्हा कुसळी गवत वाळून गेलेलं असतं, नाले आटलेले असतात, आणि खायला असतं काय, तर मोहफुलं, गळलेली टेंभरं, बांबूचा पाला, ऐन-बेहड्याला जी पालवी फुटेल ती. म्हणून मोह वेचायला झाडाखाली जाळ लावतात आणि त्याचा वणवा होऊन अख्खी टेकडी जाते तेव्हा मला त्या सालच्या सांबरांची काळजी वाटते. जळाल्यावर कोवळं गवत फुटतं, चितळं त्याच्यावर येतात, हे खरं आहे, पण सांबर जास्त करून पाला खाणारं, त्याची खालच्या झुडपांची पालवीच जाते. आणि दुसरी पीडा रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची. एकदा ती पसरली की खाली गवत उगवतच नाही, वरून बघणाऱ्याला जंगल हिरवंगार दिसतं, फोटोत तर फारच छान, आणि हरणासाठी तिथं खायला काहीच नसतं. ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावं उठल्यावर जिथं शेतं होती तिथं गवताची कुरणं झाली, चितळांचे कळप तिथं उतरायला लागले, आणि मला वाघांच्या आकड्यांपेक्षा त्या कुरणांच्या बातम्या वाचायला जास्त आवडतं. कुरण राखणं हे फार कष्टाचं काम आहे, दर साली तण उपटावं लागतं, गवत बी धरायच्या आधी चरू द्यायचं नाही, आणि ते करणाऱ्या रोजंदारीच्या बाया-माणसांचा फोटो कुठेच छापून येत नाही.

बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावात आणखी एक गुंता आहे. धान कापलं की बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, टाकलेली असते, ती थंडीत कोवळी असताना चितळं रात्री उतरतात. चितळाचं कच्चं शिंग थंडीतलंच, आणि लाखोळी म्हणजे प्रोटीन. माझी सहानुभूती इथं पूर्ण शेतकऱ्याकडे आहे, रात्रभर मचाणावर जागणारा तो, नुकसानीच्या अर्जामागे फिरणारा तो. पण रान उपाशी ठेवून पिकाभोवती कुंपण घालत बसलो तर दोघांचंही भागणार नाही, आत गवत पाहिजे, बाहेर कुंपण पाहिजे, दोन्ही एकदम.

म्हातारी माणसं म्हणतात, आता काय सांबरं राहिली, मालगुजाराच्या वाड्यात जाऊन बघा कशी शिंगं टांगली आहेत भिंतीवर. मी बघितली आहेत. मोठी आहेत, खरंच मोठी आहेत. पण शिकाऱ्याने भिंतीवर टांगायला सगळ्यात मोठंच निवडलं असणार, बेताचं शिंग कोण टांगतो? त्याची तुलना आजच्या रस्त्यावर दिसलेल्या पहिल्या सांबराशी करून काही सिद्ध होत नाही. खरंच उतरली की नाही हे कळायला तोललेली शिंगं पाहिजेत, लहान-मोठी सगळी, साल-दर-साल.

आणि ते करता येण्यासारखं आहे, म्हणून तर हे एवढं लिहिलं. रानात गळलेलं शिंग तुम्ही-आम्ही उचलून घरी आणणं गुन्हा आहे, आणि तसंच असायला पाहिजे, नाहीतर गळलेल्या शिंगाच्या नावाखाली मारलेल्या जनावराची शिंगं बाजारात येतील. पण वनरक्षक बीटवर रोज पायी फिरतो, त्याला सापडलेलं शिंग तो जमा करतोच. तेव्हा चार गोष्टी वहीत लिहायच्या. कुठं सापडलं, कधी, डावं की उजवं, वजन किती. जमलं तर बुडाचा घेर आणि लांबी टेपने. साळिंदराने कुरतडलेलं असेल तर ती नोंद वेगळी करायची, साळिंदराचे दोन-दोन दातांचे खोल चर लगेच ओळखू येतात आणि त्या शिंगाचं वजन भरवशाचं नसतं. अशी दहा सालं गेली की पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवून बघता येईल, कोणत्या पट्ट्यात रायमुनिया काढली, कुठं आग लागली, कुठं चितळांची गर्दी वाढली, आणि तिथं शिंगाचं काय झालं.

एका तरुण वनरक्षकाला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न काट्याचाच विचारला, बीटवर न्यायला हलका काटा कुठून आणू. आमच्याकडे बकऱ्यांची पिल्लं तोलायचा लटकता स्प्रिंगकाटा आहे, खिशात मावतो, सांबराचं मोठ्यात मोठं शिंगही त्याच्यावर आरामात तोललं जाईल. तो मी त्याला दाखवला, तसाच दुसरा गोंदियाच्या बाजारात कुठं मिळतो तेही सांगितलं. होळी झाली की सांबरं शिंगं टाकायला लागतील, तोपर्यंत त्याच्या वहीची पानं आखून घेऊ असं ठरलंय.